चरबी, मेण आणि जवसाचे तेल

या मालिकेच्या मागील भागात १३ जून १८५७ च्या नागपूरविषयी लिहिले होते. शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडायचे, ती खूण पाहून टाकळीच्या घोडदळाने उठायचे, असा तो फसलेला बेत. त्या ओघात मी एक वाक्य सहज लिहून गेले: ‘काडतुसांचे प्रकरण हे केवळ निमित्त होते, खरी कारणे इतरत्र होती.’ त्यावर अकरावीत शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले, “ताई, पण मुळात काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?”

मला उत्तर देता आले नाही. पदव्युत्तर वर्गात दोन वर्षे काढलेल्या मुलीला १८५७ ची कारणे झोपेतही सांगता येतात. संस्थाने खालसा करण्याचे धोरण, महसुलाची पद्धत, भत्त्यांचा प्रश्न, धर्मांतराची भीती आणि यादीच्या शेवटी गाय आणि डुक्कर. परंतु त्या चरबीचे बंदुकीत नेमके काम काय, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. अधिक लाज वाटावी असे की, उत्तराचा निम्मा भाग मी लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात आमची धानाची शेती आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आजोबांकडे परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी वर ठेवायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार भरायला आजोबांना अर्धा मिनिट पुरत असे. मात्र ती साफ करायला त्यांना अख्खी दुपार लागे. चुलीवर पाणी उकळायचे, नरसाळ्याने नळीत ओतायचे, गजाच्या टोकाला चिंधी बांधून वरखाली करायचे. आधी शाईसारखे काळे पाणी निघे, मग राखाडी, मग नितळ. सडक्या अंड्यासारखा वास अंगणभर पसरे आणि आजी पदर नाकाला लावून आत जाई. पाणी उकळतेच हवे, कारण तापलेली नळी आपल्याच उष्णतेने झटकन कोरडी होते. थंड पाण्याचा ओलावा तळाशी राहतो आणि रात्रीतून गंज धरतो. शेवटी तिळाच्या तेलात जेमतेम भिजवलेली चिंधी एकदाच आतून फिरवायची. “पोरी, नळीले उपाशीबी ठेवू नोको अन् तेलात बुडवूबी नोको,” हे त्यांचे वाक्य मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येते.

या वाक्याचा अर्थ समजण्यासाठी दारूकडे पाहावे लागते. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती उडते तेव्हा सारी धूर होऊन जाते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः वजनाने तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर पडतो, तर उरलेला नळीच्या आतल्या बाजूला कीट होऊन बसतो. हे कीट क्षारांचे असते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून पावसाळ्यात ते चिखलासारखे मऊ राहते आणि पोलादाला खाते. आपल्याकडच्या वैशाखात मात्र ते वाळून खापरासारखे कडक होते. दहा-पंधरा बार झाले की नळीचे भोक आतून अरुंद होते. पहिली गोळी सहज उतरली होती, तर पंधराव्या गोळीला गजाने ठोकावे लागते. आणि ठोकून चेपलेल्या गोळीकडून सरळ जाण्याची अपेक्षा कोणी करू नये. त्याहून वाईट म्हणजे गोळी अर्ध्यावर अडकते, दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहते आणि अशा स्थितीत बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते.

नेम या शब्दाने आपल्याला डोळा आणि हात आठवतो. ठासणीच्या बंदुकीत तिसरी गोष्टही तितकीच मोलाची असते: प्रत्येक गोळीला आधीच्या गोळीसारखीच नळी मिळाली पाहिजे. नळीची आतली स्थिती प्रत्येक बाराला बदलत गेली तर अर्जुन आणून उभा केला तरी गोळ्या एका ठिकाणी पडणार नाहीत.

जुन्या फौजांनी या अडचणीवर एक ओबडधोबड उपाय काढला होता, आणि त्याचे उदाहरण आपल्या नागपुरातच आहे. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडल्यावर मान वर केली की जी टेकडी दिसते, तेथे आणि तिच्या जोडीच्या लहान टेकडीवर २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज यांची लढाई जुंपली. रेसिडेंट जेन्किन्स आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांच्या हाताखाली मद्रास पायदळाच्या २० व्या आणि २४ व्या पलटणींचे शिपाई होते, बंगालच्या घोडदळाच्या तुकड्या होत्या. समोर भोसल्यांचे अरब होते. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोळीबार चालला. सकाळी लहान टेकडी अरबांनी घेतली आणि पुढे ती त्यांच्या हातून गेली. कंपनीच्या बाजूचे मेलेले आणि जखमी साडेतीनशेहून अधिक होते. या लढाईची राजकीय कथा स्वतंत्र भागाची आहे, येथे मला केवळ शिपायांच्या हातातील बंदूक पाहायची आहे.

ती चकमकीची, गुळगुळीत नळीची मस्केट होती. तिच्या नळीचे भोक सुमारे पाऊण इंच, म्हणजे ०.७५ इंच, आणि तिच्यात जाणारी गोळी सुमारे ०.६९ इंच. या दोन आकड्यांमधील फरक दीड मिलिमीटर भरतो. कारागिरांना घट्ट बसणारी गोळी ओतता येत नव्हती असे नाही. कीट साचल्यावरही गोळी आत गेली पाहिजे, म्हणून ही सैल जागा मुद्दाम ठेवलेली होती. बार सुटला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, डाव्या-उजव्या बाजूला धडकत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसला त्यानुसार वाट धरी. शंभर वारांच्या पलीकडे एकट्या माणसावर नेम धरणे हे जवळजवळ दैवावरच सोपवलेले असे. म्हणून रांगा करायच्या आणि एकदम बार काढायचे. रांगा-रांगांनी लढण्याच्या त्या पद्धतीला आपण कवायती शिस्तीचे नाव देतो. माझ्या मते त्या शिस्तीमागे नळीत साचणारे कीटही होते, आणि पाठ्यपुस्तकात त्याला कोठेच जागा मिळालेली नाही.

नळीत पेचदार खोबणी कोरल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि दूरवर सरळ राहते, हे शिकाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होते. परंतु खोबणीत गोळी रुतायची तर ती घट्ट हवी, आणि घट्ट गोळी मळक्या नळीत उतरत नाही. रायफल अचूक, पण सावकाश. मस्केट झटपट, पण आंधळी. १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी गोळी आली आणि ही कोंडी फुटली. लांबट, बुडाला पोकळ अशी ही गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असे, त्यामुळे ती सहज आत जाई. दारूचा भडका झाला की तिचे पोकळ बूड फुलून खोबणीत रुते. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीत हीच कल्पना होती. नळीचे भोक ०.५७७ इंच, आत तीन खोबणी, आणि आरंभीच्या गोळीचा व्यास ०.५६८ इंच. मस्केटमधील दीड मिलिमीटरची मोकळीक येथे पाव मिलिमीटरपेक्षाही कमी झाली.

या एवढ्याशा फटीत कीट साचले की सारा खेळ संपला. म्हणूनच चरबी. काडतूस कागदाचे असे. एका बाजूला दारू, दुसऱ्या बाजूला कागदात गुंडाळलेली गोळी, आणि गोळीभोवतीचा कागद बाहेरून वंगणात बुडवलेला. दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळीची बाजू नळीच्या तोंडात घालायची, वरचा कागद तोडून टाकायचा आणि ठासायचे. ते वंगण आधीच्या बाराचे कीट मऊ करी, खाली उतरणारी गोळी ते पुसत जाई आणि पुढचा भडका ते बाहेर फेकून देई. प्रत्येक काडतूस जाता जाता नळी साफ करी. आजोबांची अख्खी दुपार त्या कागदावरच्या बोटभर पट्ट्यात बसवलेली होती, असे म्हणा. वंगण नसेल तर कीट वाळते, खोबणी बुजतात, शिशाचे लेप चढतात. गोळी फिरायची थांबते, आणि मग रायफल म्हणजे महागडी मस्केट उरते.

तेव्हा त्या वाचकाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, वंगणाशिवाय एनफिल्ड चालणारच नव्हती. दुसरे उत्तर मला अधिक अस्वस्थ करणारे आहे. वंगण लागतच होते. पण ते चरबीचेच असायला हवे होते का?

१८५३ साली, म्हणजे ज्या वर्षाच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी वारले त्याच वर्षी, वंगण लावलेली काडतुसे नमुन्यादाखल इंग्लंडहून हिंदुस्थानात आली. ती कलकत्ता, कानपूर आणि रंगून येथे पहाऱ्यावरच्या शिपायांच्या पडतळ्यांत महिनोन्‌महिने ठेवण्यात आली. हेतू एवढाच की, येथील हवामानात वंगण टिकते का ते पाहावे. बंगाल फौजेचे अ‍ॅड्जुटंट जनरल कर्नल टकर यांनी तेव्हाच बजावले होते की, वंगणात जातिधर्माला बाधणारे काही नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. ताकीद कागदावर राहिली. पुढे कलकत्त्यात काडतुसे तयार होऊ लागली तेव्हा चरबी कोणत्या जनावराची, हे कंत्राटदाराला कोणी विचारलेही नाही.

जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या शस्त्रशाळेत एका खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या कामगाराने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितले, आणि नकार मिळताच, ‘आता चरबीची काडतुसे दातांनी तोडाल तेव्हा जात कोठे राहील’ असे सुनावले, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची गोष्ट येते. मात्र या प्रसंगानंतर एक-दोन दिवसांतच जे घडले ते आपण क्वचितच सांगतो. मेजर बॉन्टीन यांनी दमदमच्या शिपायांना कवायतीच्या मैदानावर उभे करून तक्रार विचारली. दोन तृतीयांश शिपाई, आणि झाडून सारे देशी अधिकारी, पुढे आले. त्यांनी रायफल नाकारली नाही, वंगणही नाकारले नाही. त्यांनी सुचवले की चरबीऐवजी मेण आणि तेल वापरावे, आणि काम साधेल अशा प्रमाणात वापरावे.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. ‘काम साधेल अशा प्रमाणात.’ ही भाषा अंधश्रद्धेने बिथरलेल्या जमावाची नव्हे. आयुष्यभर नळ्या पुसलेल्या माणसांची आहे. हरकत धर्माची होती, यात शंका नाही, आणि तिला नंतर तांत्रिक मुलामा चढवणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. परंतु उपाय सांगताना ते बंदूकवाले म्हणून बोलत होते.

आणि उपाय चांगला होता. गुरांची चरबी साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना. आपल्या नागपुरात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, हे मी तुम्हांला सांगायला नको; उन्हात धरलेल्या कातडी पडतळ्याच्या आत काय होत असेल याचा अंदाज करा. चरबी वितळून कागदात झिरपते, दारूपर्यंत पोहोचते, आणि गोळीभोवती जेथे ती हवी तेथे कोरडा कागद उरतो. १८५७ च्या लढायांत गोऱ्या पलटणींच्या एनफिल्ड मळल्यावर गोळी उतरेना, अशा तक्रारी झाल्या. पुढल्या एक-दोन वर्षांत दोन बदल झाले. गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५ इंचावर आणला गेला. आणि वंगणात, जेथे पूर्वी चरबी मुख्य व मेण नावापुरते होते, तेथे मेण मुख्य झाले. चरबी पुरती गेली नाही, परंतु पारडे शिपायांनी सुचवलेल्या बाजूला झुकले.

दमदमच्या मैदानावर हेच सांगितले गेले होते. सरकारने लगेच, जानेवारी संपण्याआधीच, शिपायांनी हवे ते वंगण बाजारातून आणून स्वतः लावावे अशी परवानगी दिलीही. तोवर संशय वंगणावरून कागदाच्या तकाकीवर सरकला होता. मीरतला २४ एप्रिल रोजी ज्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली, ती तर नेहमीचीच जुनी काडतुसे होती. एकदा विश्वास उडाल्यावर मेण आणि तेल यांचे प्रमाण कोणी ऐकत नाही. त्यामुळे ‘निमित्त होते’ हे माझे वाक्य मी पुसून टाकणार नाही. पण ते इतक्या सहज मी पुन्हा लिहिणार नाही.

आता आजोबांकडे परत यायला हवे, कारण हा भाग लिहायला मी ज्या कारणाने इतके दिवस टाळाटाळ केली ते तेथे आहे.

मी दहा वर्षांची होते. घटस्थापनेच्या दिवशी घरात साफसफाई चालली होती आणि दसऱ्याला शस्त्रपूजेत बंदूक मांडायची होती. आजोबा शेतावर गेलेले. त्यांना आनंद व्हावा म्हणून मी गजाला चिंधी बांधली आणि नळी आतून तेलाने चोपडली. तिळाचे तेल सापडले नाही. बंदुकीच्या दस्त्याला लावायची जवसाच्या तेलाची बाटली समोर होती. तीच घेतली, आणि सढळ हाताने घेतली. लाकडाला जवसाचे तेल लावतात ते याच कारणाने की, हवा लागताच ते हळूहळू घट्ट होते आणि त्याची कातडी धरते. नळीत, बोंडीच्या बारीक भोकात, नऊ दिवस ते तसेच घट्ट होत राहिले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, जागलीला जाण्याआधी, आजोबा बांधावर बंदूक तपासत. पन्नास पावलांवर मडके ठेवलेले असे आणि गावातली चार माणसे बघायला जमत, कारण त्यांचा नेम नावाजलेला होता. त्या वर्षी पहिली टोपी नुसतीच फट् वाजली. दुसऱ्या वेळी चाप ओढल्यावर क्षणभर काहीच झाले नाही, आणि बंदूक किंचित खाली आल्यावर बार उडाला. गोळी मातीत गेली. तिसऱ्या वेळी गोळी ठासताना गज अडखळला, त्यांनी जोर लावला, बार निघाला आणि मडके तसेच उभे राहिले. कोणीतरी म्हणाले, “वय झालं आता.” कोणीतरी हसले. आजोबा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि परवाना संपू दिला. घरात सांगितले गेले की हात कापू लागला होता.

हात कापत नव्हता. तेलाने ओलावलेली दारू, बुजलेले भोक, चिकट नळीत धरलेले कीट. आज मी त्या तिन्ही बारांचा हिशेब ओळीने मांडू शकते. तो मांडता आला तेव्हा आजोबांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

गेल्या रविवारी गावी गेले आणि आजीला सारे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, “त्याइले मालूम होतं.”

मला समजले नाही.

“जवसाचा वास का लपते? संध्याकाळी नळी धुतली त्याइनं, गज हुंगला, अन् हासले. पोरीले सांगू नोको, म्हनत.”

मग बंदूक का दिली, असे मी विचारले.

“परवान्यासाठी दरसाल मोटारीनं जा लागे. गुडघे कुठं चालत होते त्याइचे?” असे म्हणून तिने खडा उचलला आणि अंगणात फेकला.